अण्णांचा ॲम्प्लिफायर आणि दोन फ्यूज

रविवारी सकाळी ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं, ‘टक्’ झालं आणि सगळं गार. अण्णांनी १९८६ साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक पार्ट आणून जोडलेला हा डबा. चार २एन३०५५ ट्रान्झिस्टर, त्यांना गार ठेवणारं फूटभर हीटसिंक आणि मागे फ्यूजपाशी त्यांच्याच अक्षरात ‘१.५ अँ.’

फ्यूज बदलला. पुन्हा टक्! इथे माझी अक्कल कमी पडली, कारण पहिल्या फ्यूजची काच मी नीट पाहिलीच नव्हती. तार नुसती मधोमध तुटली असेल तर फ्यूज म्हातारा झाला किंवा थोडा जास्त लोड आला, असं समजायला जागा असते. माझ्या फ्यूजची काच आतून काळीकुट्ट, वर चंदेरी ओघळ. म्हणजे थेट शॉर्ट. तिसरा फ्यूज घालणं म्हणजे पैसे जाळणं, आणि फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे घर जाळणं.

मग सिरीज बोर्ड करायला घेतला. फेजच्या वायरमध्ये शंभर वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब घालायचा, पुढे ॲम्प्लिफायर. आत शॉर्ट असला तरी बल्ब अर्ध्या अँपिअरच्या आतच करंट जाऊ देतो, त्यामुळे फ्यूज शाबूत राहतो. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. दुकानदार म्हणाला, “काका, हे बल्ब आता अंड्यांच्या हॅचरीवाले नेतात.” धूळ पुसून दिला एक.

बटण दाबलं, बल्ब लख्ख. म्हणजे शॉर्ट अजून आहेच. प्लग काढला, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (पुढे सर्किटकडे जाणाऱ्या) तिन्ही वायरी सुट्या केल्या, पुन्हा लावला. बल्ब विझल्यासारखा. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत! मला तर हायसंच वाटलं, कारण तसा गुंडाळून घ्यायचा म्हणजे पुन्हा चकरा.

आता संशय आउटपुट ट्रान्झिस्टरांवर. त्यांची बॉडी म्हणजेच कलेक्टर, म्हणजे त्यांच्या तीन टोकांपैकी एक; खालचा इन्सुलेशनचा अभ्रक फुटला की हीटसिंकला चिकटून शॉर्ट होतो. मीटरचा बझर लावून चारही तपासले, सगळे निर्दोष. (कपॅसिटर आधी रेझिस्टरने रिकामे केले होते. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची खोड मी विशीतच सोडली.)

मग रेक्टिफायरचे, म्हणजे एसीचं डीसी करणारे, चार डायोड काढून टेबलावर ठेवले. तिघे एका बाजूने ०.५२ व्होल्टच्या आसपास, उलटं धरलं की काहीच नाही. चौथा दोन्ही बाजूंनी पिऽऽप. बाहेरून अगदी नवा, ना तडा ना डाग. खालचं पीसीबी (सर्किटचा बोर्ड) मात्र करपून तपकिरी. अण्णांनी डायोड बोर्डाला टेकवून बसवले होते, त्यांना वारा कुठून लागणार?

एकच का बदलायचा, म्हणून चारही १एन५४०८ आणले, पाय लांब ठेवून, बोर्डापासून बोटभर वर सोल्डर केले. डायोडवरची दिशा दाखवणारी पट्टी कुठल्या बाजूला ते तीनदा पाहिलं. या वेळी बल्ब क्षणभर उजळला (कपॅसिटर भरतात तेवढा वेळ) आणि मंदावला. स्पीकर लावण्याआधी दोन्ही चॅनेलचं डीसी मोजलं: १४ आणि २२ मिलिव्होल्ट. चालतंय.

ही स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, लागलं का एकदाचं?” लागलं. डाव्या स्पीकरमध्ये अजून बारीक हम् आहे. कपॅसिटरवर संशय आहे, पण ते पुढच्या रविवारी.