बिचारा बाण

धनुष्याच्या वाट्याला कौतुक जरा जास्तच येतं. गांडीव, पिनाक, कोदंड अशी त्याची नावंसुद्धा भारदस्त. बाण म्हणजे भात्यातली खोगीरभरती! अपवाद एका रामबाणाचा, आणि तोही औषधवाल्यांनी पळवलेला. पण बांबूचे बाण स्वतः करायला बसलं की हा पक्षपात फार काळ टिकत नाही. बेताच्या धनुष्यातूनही त्याच्याशी जुळलेला बाण नीट जातो. न जुळलेल्या बाणापुढे उंची धनुष्यही हात टेकतं.

बांबू मुळात गवताच्या कुळातला, तेव्हा सरळपणाची अपेक्षा बेतानेच ठेवावी. लांब पेरांच्या बारीक काठ्या निवडून काही महिने सावलीत वाळवायच्या. मग निखाऱ्यावर शेकायच्या. उष्णतेने आतलं लिग्निन, म्हणजे काठीला ताठपणा देणारं द्रव्य, नरम पडतं, तेवढ्यात बाक काढायचा आणि काठी निवेपर्यंत तशीच धरून ठेवायची. एका गाठीची समजूत घातली की पुढची रुसते. दोरीसाठी खाच पाडायची ती गाठीच्या जरा वर आणि तिच्याखाली दोरा घट्ट गुंडाळायचा, नाहीतर दोरीच्या दणक्याने बाण उभा चिरतो. पिसं तीन, पण सगळी एकाच बाजूच्या पंखातली. डाव्या-उजव्या पिसांचा बाक उलटा असतो. त्यांची सरमिसळ केली तर एक पीस बाणाला फिरवतं आणि दुसरं अडवतं.

एवढं करून सरळ केलेला बाण सुटताक्षणी वाकतो, ही खरी गंमत. मागून दोरी ढकलते, पुढे टोकाचं वजन अडतं, मधल्यामध्ये बाणाची काठी लवते आणि बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून वळवळत पुढे निघतो. १९३०च्या दशकात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रीकरण करून हे डोळ्यांना दाखवलं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. आपण मात्र वाऱ्याला दोष देतो.

म्हणून ताठपणा मोजायचा. लाकडी बाणांची जुनी रीत इथेही चालते: २६ इंचांवर दोन आधार, मधोमध २ पौंडांचं वजन आणि काठी किती लवली ते पाहायचं. एकाच बेटातल्या काठ्याही इथे भावकी दाखवतात. ढीगभर काठ्यांतून एकमेकींशी जुळणाऱ्या थोड्याच निघतात. बाकीच्या वेलींच्या आधाराला जातात.

नेम धरण्याआधी मात्र प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलका वाकवावा. बारीकशी जरी करकर ऐकू आली, तरी तो कितीही लाडका असो, तिथेच मोडून टाकावा. तडकलेला बाण सुटताना फुटला, तर त्याच्या कामट्या धनुष्य धरलेल्या हातातच घुसतात.