बाराशे लिटरचा रीफ टँक आणि साठ मिली व्होडका

पुण्यातल्या एका कंपनीच्या रिसेप्शनमधला खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे मासे आणि जिवंत प्रवाळ असलेला. लांबी २४० सेंमी, रुंदी ७५, उंची ७५. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी साधारण १२०० लिटर. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या ॲडमिनचा फोन आला, "सर, पाणी ताकासारखं पांढरं झालंय आणि मासे वर तोंड काढून आहेत." पहिली सूचना फोनवरच दिली. सगळे वेव्हमेकर (टँकच्या आतले प्रवाह देणारे पंप) वरच्या बाजूला वळवा, पाण्याचा पृष्ठभाग ढवळला पाहिजे. वरची झाकणं काढा. खाद्याचा एक दाणाही टाकू नका.

पोहोचलो तेव्हा आतलं काही दिसत नव्हतं, काचेला चिकटलेलं तेवढंच कळत होतं. ऑक्सिजन मीटरने लिटरला ३.१ मिलिग्रॅम दाखवला. २८ अंशाला, ३५ पीपीटी (हजारी ३५ भाग) क्षारतेला तो ६.४ च्या आसपास हवा. पावडर ब्लू टँग हा मासा आडवा पडलेला, दोन पिवळे टँग वर धापा टाकत होते. क्लाउन मासे मात्र बऱ्यापैकी होते. टँगना ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून गुदमरण्याची पहिली खूण त्यांच्यातच दिसते. अमोनिया शून्य होता, म्हणजे आत काही मेलंय आणि कुजतंय असा प्रकार नव्हता.

कारण दहा मिनिटांत कळलं. नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साचणारा क्षार) कमी व्हावं म्हणून आदल्या दिवशी दुपारी कुणीतरी टँकमध्ये ६० मिली व्होडका ओतली होती. पद्धत खोटी नाही. अल्कोहोलमधला कार्बन खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतात, आणि स्किमर, म्हणजे पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारं यंत्र, त्या जिवाणूंना फेसाबरोबर बाहेर काढतो. पण सुरुवात १०० लिटरला दिवसाला ०.१ मिलीने करायची असते, म्हणजे या टँकला १.२ मिली. इथे त्याच्या पन्नास पट एका दमात गेली. भरीस भर म्हणजे काचेला टांगलेल्या छोट्या स्किमरचा कप ओसंडून संगमरवरावर फेस आला, म्हणून हाउसकीपिंगने रात्री जाताना तो बंद केला. एसीही रात्री बंदच असतो.

हिशोब करून पाहा. ४० टक्क्यांच्या ६० मिलीत शुद्ध अल्कोहोल १९ ग्रॅम. ते पूर्ण जाळायला जवळजवळ ४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. निम्मा कार्बन जिवाणूंच्या शरीरात गेला असं धरलं तरी २० ग्रॅम. आणि १२०० लिटर पाण्यात, तुडुंब विरघळलेला असला तरी, ऑक्सिजन असतो ८ ग्रॅमच्या आत. बाकीचा रात्रभर हवेतून यायला हवा होता, आणि तो येण्याची वाटच बंद केलेली होती.

चार एअर पंप लावले, प्रत्येकाला बुडबुडे सोडणारे दोन सच्छिद्र दगड. स्किमरचा कप काढून ठेवला आणि तो पूर्ण हवेवर चालू केला. फेस गोळा होवो न होवो, हवा मिसळणं महत्त्वाचं. यूव्ही (अतिनील) दिवा चालू, कारण तरंगणारे जिवाणू त्याच्या नळीतून गेले की मरतात. मग २० टक्के पाणी बदललं, तापमान आणि क्षारता आधी जुळवून. अशा वेळी ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाकायची घाई लोक करतात. जिवाणूंच्या ढगावर तिचा उपयोग नाही. तासाभराने मीटर ५.२ वर आला. पावडर ब्लू गेला, बाकीचे वाचले. पाणी स्वच्छ व्हायला तिसरा दिवस उजाडला.

खरा प्रश्न व्होडकाचा नव्हताच. नायट्रेट इतकं चढलं का, हा होता. टेस्ट किटचा रंग १०० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खुणेपलीकडे, फॉस्फेट ०.६. गाळणी म्हणून दोन मोठे कॅनिस्टर (बंद डब्याचे फिल्टर), स्पंज आणि सिरॅमिक रिंगांनी भरलेले, 'प्रत्येकी १००० लिटरसाठी' असं खोक्यावर छापलेलं. लिटरचा हा आकडा गोड्या पाण्याच्या टँकमध्ये चालून जातो, रीफमध्ये फसवतो. कॅनिस्टर अमोनियाचं नायट्रेट चोख करतो, तिथेच त्याचं काम संपतं. स्पंजात अडकलेली घाण टँकच्या बाहेर गेलेली नसते, ती फक्त दिसत नाही. महिनाभराने उघडलेल्या त्या कॅनिस्टरच्या तळाशी दोन बोटं चिखल होता.

मोठ्या रीफची गाळणी टँकमध्ये रोज किती खाद्य पडतं आणि ते बाहेर कोण काढणार यावर ठरते. इथे रोज २० ग्रॅम पेलेट पडत होते. सकाळी वॉचमन, दुपारी रिसेप्शन, आणि पाहुण्यांची मुलं आली की पुन्हा एकदा. पेलेटमध्ये ४५ टक्के प्रथिनं धरली तर नायट्रोजन १.४४ ग्रॅम. मासे थोडा अंगी लावतात, ग्रॅमभर पाण्यात येतो. त्याचं नायट्रेट ४.४ ग्रॅम, म्हणजे रोज ३.७ पीपीएमची भर. आठवड्याला २५. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलूनही ही पातळी २५० ला जाऊन स्थिरावेल, कारण तिथे पोचल्यावरच १० टक्क्यांत २५ निघतात. नुसतं पाणी बदलून हा टँक आटोक्यात येणार नाही, हे कंपनीला कागदावर दाखवावं लागलं. मिठाची पिंपं त्यांना स्वस्त वाटत होती.

मग पर्याय. खोल वाळूचा थर किंवा मोनॅकोच्या झोबेर यांची प्लेनम पद्धत (वाळूखाली पाण्याची पोकळी) नव्या टँकला ठीक. चालू टँकची जुनी वाळू उकरली तर खाली साचलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. गंधकाचा डिनायट्रेटर नायट्रेट झपाट्याने उतरवतो, पण अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) खातो, आणि त्यातून थेंब थेंब बाहेर पडणारं पाणी रोज बघणारा माणूस लागतो. तो इथे नाही. शैवालाचा स्क्रबर, स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर ॲडींनी रूढ केलेला, दर आठवड्याला खरवडला नाही तर उलटा पाण्यात कुजतो. उरली बर्लिन पद्धत: खडक आणि तगडा स्किमर. खडकावर एक सूचना. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातला 'लाइव्ह रॉक' (जीवजंतूंसकट काढलेला खडक) कुणी देऊ केला तर हात लावायचा नाही. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र कोरडा खडक आणि सहा-आठ महिन्यांचा धीर, एवढंच लागतं.

शेवटी ठरलं ते असं: खाली संप (टँकखालची दुसरी टाकी), त्यात आधी फ्लीस रोल (गाळायच्या कापडाची गुंडाळी), मग स्किमर, मग केटोमॉर्फा या शैवालाचा कप्पा, मग पाणी वर परत पाठवणारा रिटर्न पंप.

फिल्टर सॉकऐवजी (गाळायची पिशवी) रोल का? २०० मायक्रॉनचा सॉक दर तीन दिवसांनी बदलला तरच फायद्याचा. अडकलेलं खाद्य विरघळायच्या आत बाहेर गेलं पाहिजे. दिवाळीत ऑफिस पाच दिवस बंद. सॉक तुंबतो, पाणी त्याच्या कडेवरून वाहतं आणि साचलेला गाळ तसाच भिजत पडतो. रोल मशीन पाण्याची पातळी चढली की स्वतः कापड पुढे सरकवतं. खर्च रोलचा आहे, आणि रोल संपल्याचा अलार्म फोनवर जाईल असं जोडावं लागतं. रोल संपला की ते मशीन नुसता डबा असतो.

पाणी संपात उतरवायला टँकला भोकं नव्हती. तळाची काच टफन (तापवून कडक केलेली) होती. ती ड्रिल केली की फुटतेच. मागची साधी होती, तीही काचवाल्याकडून खात्री करूनच. पाणी २५ सेंमी उतरवलं आणि तीन भोकं पाडली. बल्कहेड (भोकात बसणारा पाइपाचा जोड) आधी हातात घ्यावं, मग त्याच्या मापाचं डायमंड होल-सॉ आणावं, कारण दीड इंची बल्कहेड प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. हळू वेग, सतत पाणी, दाब अजिबात नाही, आतून टेप. तीन पाइपांपैकी पहिला पूर्ण सायफन, त्यावर गेट व्हॉल्व्ह (बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी होत नाही), दुसऱ्यातून पाण्याची फक्त धार, तिसरा कोरडा, आणीबाणीसाठी. सायफनमध्ये गोगलगाय अडकली तर आवाजच आधी सांगतो.

संप १२० × ५५ × ४५ सेंमी. चालताना पाणी २४ सेंमी, म्हणजे १५८ लिटर. वर १३८ लिटरची जागा रिकामी. ती रिकामीच ठेवायची असते. वीज गेली की वरचं पाणी खाली येतं: टँकची पातळी दर सेंटिमीटरला १८ लिटर. रिटर्नची तोंडं पृष्ठभागाखाली फक्त २ सेंमी ठेवली, तरी ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइप धरून ८५-९० लिटर उतरतात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा ठेवून संप काठोकाठ भरणारे लोक आहेत. त्या व्हॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण अडकला की खालचा मजला ओला. आम्ही मुद्दाम गुरुवारी, वीज मंडळाच्या देखभालीच्या वेळात, मेन बंद करून पाहिलं: संपात चार बोटं शिल्लक.

रिटर्नला एक मोठा पंप न घेता दोन छोटे घेतले, दोन्ही मिळून पावणेदोन मीटर उंचीवर खरोखर ताशी ५००० लिटर, म्हणजे टँकच्या चौपट. एक बंद पडला तरी दुसरा चालतो. यातला एक आणि दोन वेव्हमेकर इन्व्हर्टरवर.

स्किमर ताशी दीड-दोन हजार लिटर हवा ओढणारा. तो कप्पा रिटर्नपासून वेगळा, कारण बाष्पीभवनाने पातळी रिटर्नच्या कप्प्यातच उतरते आणि उन्हाळ्यात ते रोज १०-१५ लिटर असतं. स्किमर तिथे ठेवला तर त्याचा फेस सकाळ-संध्याकाळ बदलतो. वीज परत आली की संप भरलेला असतो आणि स्किमर ओसंडतो. म्हणून त्याच्या प्लगला दहा मिनिटांचा टायमर आणि कपाची नळी फ्लोट असलेल्या बंद बाटलीत. बंद एसी ऑफिसात कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच ७.८ च्या वर सरकत नाही. हवेची नळी खिडकीबाहेर न्यावी असं सगळे सांगतात, पण महापालिकेची धूरफवारणी त्या नळीतून थेट पाण्यात येते, आणि पायरेथ्रॉइडने कोळंबी वर्गातला एकही जीव उरत नाही. म्हणून बाहेर न जाता कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा डबा जोडला. हवा ओढणाऱ्या अरुंद नळीत, म्हणजे व्हेंच्युरीत, मीठ साचतं. महिन्यातून एकदा कोमट व्हिनेगर ओढवलं नाही तर फेस पातळ होतो आणि लोक पंपाला दोष देतात.

जुने कॅनिस्टर एकदम काढले नाहीत. रिंगा दर पंधरवड्याला एक तृतीयांश, प्रत्येक वेळी अमोनिया तपासून. केटोमॉर्फाचा दिवा रात्री, टँकचे दिवे बंद असताना. पंधरा दिवसांनी एक तृतीयांश उपटून फेकायचं. उपटलं नाही तर नायट्रेट बाहेर गेलंच नाही. कार्बन डोसिंग, म्हणजे व्होडका टाकणं, पूर्ण बंद ठेवलं. कधी हवंच झालं तर डोसिंग पंपाने, १.२ मिलीने, आणि तो पंप स्किमरच्याच टायमरवर, म्हणजे स्किमर थांबला की डोसही थांबेल.

खाद्य २० वरून ८ ग्रॅमवर, कुलूपबंद ऑटो फीडरमधून, वर आठवड्यातून तीनदा धुतलेलं गोठवलेलं. रोजची भर त्यामुळे १.५ पीपीएमच्या आसपास आली. २० टक्क्यांचे तीन बदल केल्यावर नायट्रेट अर्ध्यावर आलं, पुढे स्किमर आणि शैवालाने ते १५ च्या आसपास आणलं. नरम प्रवाळांना तेवढं पुरे. शून्य कुणाला हवंय?

फॉस्फेट मात्र चिवट निघालं. ते खडकाच्या कॅल्शियम कार्बोनेटला चिकटलेलं असतं. पाण्यातलं कमी केलं की खडक सोडतो आणि आकडा पुन्हा चढतो. लोह ऑक्साइडचे दाणे पाकिटावरच्या मापाच्या पाव भागाने सुरू केले, कारण एकदम उतरवलं तर प्रवाळांची त्वचा सुटते. ०.६ वरून ०.३, मग पुन्हा ०.४, असं महिनोन्महिने चालतं. दाणे तीन-चार आठवड्यांनी बदलायचे, रिॲक्टरमध्ये (दाणे भरलेल्या नळीत) फक्त हलकेच हलतील एवढाच प्रवाह. जोरात उकळले तर घासून पूड होते आणि पाणी तांबूस. सध्या ०.१२ आहे. ०.०५ च्या खाली न्यायचं नाही, असं त्यांच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय, व्होडकाच्या मापाच्या वर.