अंजनाचं लाकूड आणि लाल फुली

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीला शिकवते. लोकवर्गणीतून आलेले टॅब गटागटांत वाटून घेतो. रेंज कधीही जाते, म्हणून वर्कशीट मी मधल्या सुट्टीतच उघडून ठेवते. त्या दिवशी विषय होता ‘तरंगणे आणि बुडणे’. खिळा, दगड, बूच, लाकूड अशी चित्रं बोटानं ओढून योग्य रकान्यात टाकायची. बरोबर असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल फुली.

एका गटाला लाकडावर फुली आली. त्यांनी लाकूड पुन्हा ‘बुडेल’मध्येच टाकलं. परत फुली. मी जवळ गेले, तर पाड्यावरून येणारी, एरवी तोंड न उघडणारी मुलगी ठामपणे म्हणाली, “मॅडम, अंजनाचं लाकूड बुडतं. आमच्या हौदात पडलेलं, बाबांनी आत उतरून काढलं.”

दुसऱ्या दिवशी ती घराच्या खांबाचा उरलेला तुकडा घेऊन आली. गडद तांबूस, हातात घेतल्यावर दगडासारखा जड. बादलीत सोडला आणि तो सरळ तळाला गेला. शेजारी सागाची ढलपी आरामात तरंगत होती. वर्गात एकच कल्ला!

मग किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. भांडं काठोकाठ भरून त्यात अंजन बुडवलं, सांडलेलं पाणी खालच्या ताटलीत धरलं आणि तोललं. लाकूड सांडलेल्या पाण्यापेक्षा जड भरलं. सागाची ढलपी काडीनं पाण्याखाली दाबून धरली, तेव्हा उलट झालं: पाणी जड, लाकूड हलकं. ‘घनता’ हा शब्द मी तोवर फळ्यावर लिहिलाच नव्हता, पण मुलं तिथवर पोहोचली होती.

“असं का?” हा प्रश्न आलाच. लाकडाच्या पेशींच्या भिंती मुळात पाण्याहून जड, साधारण दीडपट. बहुतेक लाकडं तरंगतात ती पेशींच्या पोकळीतल्या हवेमुळे. अंजनात भिंती जाड आणि पोकळी अगदी कमी. भारतातल्या सर्वांत जड लाकडांत त्याची गणना होते, आणि अंजनाचं झाड आमच्या खानदेशातल्या डोंगरांवर उगवतं. तयार वर्कशीट बनवणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार?

टॅबचा उपयोग मला इथेच दिसतो. तोंडी विचारलं असतं तर सगळ्या वर्गानं ‘तरंगतं’ असा सूर लावला असता आणि तिचं उत्तर त्यात बुडून गेलं असतं. पडद्यावर मात्र प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं दिसतं. लगेच येणारी फुली मात्र मला खटकते. मूल तिथेच विचार थांबवतं.

म्हणून आता वर्कशीट मी स्वतः तयार करते, गूगल फॉर्मवर. आधी अंदाज, मग ‘तुला असं का वाटतं?’, मग बादलीतल्या प्रयोगाचा फोटो. बरोबर-चूक सगळ्यात शेवटी. लाकडाच्या जागी साग, बाभूळ, अंजन, बांबू असे चार पर्याय आहेत. बाभळीवरून सध्या वर्गात दोन तट पडलेत, कारण ओली फांदी की वाळलेली, हे मी मुद्दामच लिहिलेलं नाही.