जुना लष्करी ट्रक तापतो, तेव्हा आधी काय पाहावे

लष्करी सेवेतून बाहेर पडलेल्या ट्रकचा मालक ‘गाडी तापते’ असे सांगतो, तेव्हा ती नेमकी केव्हा तापते हे मी आधी विचारतो, कारण अर्धे निदान त्या उत्तरातच असते. गाडी उभी असताना किंवा संथ चालीत तापमानाचा काटा चढत असेल आणि वेग घेताच उतरत असेल, तर दोष बहुधा हवेच्या मार्गात असतो: फॅनचा पट्टा सैल असतो, फॅनभोवतीचे आवरण कोणीतरी काढून ठेवलेले असते किंवा फॅनच उलटा बसवलेला असतो. याउलट संथ चालीत सर्व ठीक आणि चढावर किंवा सलग वेगात काटा वर जात असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे किंवा रेडिएटर पुरेशी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अमेरिकी लष्करी ट्रकची कमाल वेगमर्यादा ताशी सुमारे ७२ किलोमीटर होती. असा ट्रक आजच्या महामार्गावर सतत त्याच मर्यादेला टेकवून चालवला आणि तो तापला, तर त्याला बिघाड म्हणण्यापूर्वी चालवणाऱ्याने आपला पाय थोडा उचलून पाहावा.

त्यानंतर गेज, म्हणजे तापमान दाखवणारे हे मापकच, खरे बोलते की नाही, हे तपासावे. विजेवर चालणाऱ्या गेजच्या सेंडरला, म्हणजे इंजिनात बसवलेल्या तापमान कळवणाऱ्या भागाला, अनेकदा एकच तार असते आणि त्याचे अर्थिंग आट्यांमधून इंजिनाच्या धातूला मिळते. आट्यांवर रंगाचा किंवा सीलिंग टेपचा थर बसला, तर आकडा भरकटतो. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या, घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून तुलना करता येते. मात्र उघड्या, चकचकीत धातूवर हे उपकरण खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते, म्हणून त्या जागी काळा रंग किंवा काळी टेप लावून मगच मोजावे. एवढ्या साध्या तपासणीने कित्येक नवे वॉटर पंप विकत घ्यायचे वाचले असते, असे माझे मत आहे.

या ट्रकचा खरा शत्रू धावण्यापेक्षा उभे राहणे हा असतो. ओडोमीटरवरचा लहान आकडा पाहून खरेदी करणारा खूश होतो, पण वर्षानुवर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या इंजिनात कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातली) गंजरोधक द्रव्ये संपतात, ओतीव लोखंड आतून गंजते आणि तो गंज गाळ होऊन ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या, तळाशी बसतो. पंप बहुधा पुढे असल्यामुळे मागच्या सिलिंडरांभोवती प्रवाह मंद असतो आणि तिथेच गाळ सर्वांत जास्त साचतो. म्हणून थंड इंजिनावर ब्लॉकचा निचरा-कॉक उघडावा. पाणी आले नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असे समजू नये, तर भोकात तार घालून पाहावे. तांबूस चिखल बाहेर पडू लागला, की रेडिएटरकडे बोट दाखवण्याआधी ब्लॉक धुवायला हवा, कारण गाळ आत ठेवून बसवलेला नवा रेडिएटरही काही दिवसांत त्याच गाळाने भरतो. थर्मोस्टॅट काढून, प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडून, ते स्वच्छ येईपर्यंत धुणे हा कंटाळवाणा पण भरवशाचा उपाय आहे. तीव्र आम्ल वापरण्याच्या मी विरोधात आहे; ते गंजाबरोबर जुन्या पितळी रेडिएटरचे डाखही खाते.

रेडिएटरची परीक्षा दोन आकड्यांवर होते: आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान. इंजिन तापलेले असताना हा फरक फार मोठा असेल, तर पाणी आत रेंगाळते आहे, म्हणजे प्रवाह कमी आहे; फरक अगदी लहान असेल, तर पाणी वाहते आहे पण उष्णता सुटत नाही. रेडिएटरच्या दर्शनी भागावर मधेच थंड पट्टे आढळले, तर त्या नळ्या बंद आहेत. अशा वेळी टाक्या उघडून नळ्यांत सळई फिरवणारा कारागीर शोधावा. जुन्या डाख लावलेल्या रेडिएटरची ही सोय आजच्या प्लास्टिकच्या टाक्यांना नाही.

थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहावा. ८२ अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट त्याच सुमारास उघडू लागायला हवा आणि आणखी आठ-दहा अंशांवर पूर्ण उघडायला हवा. तो काढूनच टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो, तिथे तो काढल्यास गरम पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात फिरते आणि तापणे वाढते.

रेडिएटरच्या झाकणाची किंमत किरकोळ असली तरी त्याचे काम मोठे आहे. अर्ध्या बारच्या दाबाखाली साधे पाणी सुमारे १११ अंशांवर उकळते. रबर सडलेले झाकण हा दाब धरत नाही. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) इंजिनाचा वेग वाढवल्यावर चपटा होतो का, हेही पाहावे, कारण पंपाच्या ओढीने आत मिटणारा मऊ होज उभ्या गाडीत धडधाकट दिसतो.

थंड इंजिन सुरू करताच वरचा होज टणक होऊ लागला किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधल्या सीलवर, संशय घ्यावा. खात्रीसाठी पंपाचा पट्टा काढून, तोंडापर्यंत पाणी भरून, इंजिन जेमतेम मिनिटभर चालवावे. पंप थांबलेला असूनही बुडबुडे येत राहिले, तर ज्वलनातला वायूच पाण्यात शिरतो आहे.

आणि हे सगळे निर्दोष निघाले, तर नजर शीतकरणाबाहेर वळवावी. पेट्रोल इंजिनात प्रज्वलनाची वेळ मागे पडली, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर जादा उष्णता थेट पाण्यात उतरते. तसेच एखादा ब्रेक पूर्ण सुटत नसेल, तर इंजिन दिवसभर जादा ओझे ओढत राहते. फेरी संपताच प्रत्येक चाकाच्या ड्रमवर तोच थर्मामीटर धरावा; बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम असलेला ड्रम सापडला, तर आधी ते चाक खोलावे.