तुम्ही विचारलंत म्हणून : प्रागचं तिकीट आहे, पण सीट नंबर कुठाय?

जर्मनीत राहणारी असोत की भारतातून फिरायला आलेली, मराठी मंडळी बर्लिनहून प्रागला निघाली की हा प्रश्न ठरलेला : "तिकीट तर कन्फर्म आहे, मग त्यावर डबा आणि सीट नंबर का नाही?"

कारण ते तिकीट फक्त प्रवासाचं आहे, जागेचं नाही. आपल्या डोक्यात पीएनआर, आरएसी, वेटिंग असं सगळं एकाच कागदावर असतं. बर्लिन–प्राग किंवा व्हिएन्ना–प्राग गाड्यांना वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. तिकीट घ्या, चढा, रिकामी जागा दिसेल तिथं बसा. हक्काची सीट हवी तर रिझर्व्हेशन वेगळं, थोड्याशा युरोंत मिळतं. मंगळवारी दुपारी ते नसलं तरी चालेल. शुक्रवार संध्याकाळ किंवा डिसेंबरातल्या नाताळ-बाजाराचे दिवस असतील तर मात्र कंजूषपणा नको. नाहीतर चार-साडेचार तास दाराशी बॅगेवर बसून काढावे लागतील. व्हिएन्नाहून रेजिओजेट या खासगी कंपनीची पिवळी गाडीही आहे. तिच्या तिकिटात सीट आलेलीच असते.

एकच गाडी दोन दुकानांत विकली जाते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. बर्लिन–प्राग तिकीट जर्मन रेल्वेच्या, म्हणजे डॉइचे बानच्या साइटवर मिळतं, तसंच चेक रेल्वेच्या, चेस्के द्राहीच्या साइटवरही. गाडी तीच, भाव वेगळे. दोन्ही उघडून बघा. स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. तुमच्या चुकीनं ती चुकली तर पैसे गेले. मध्ये गाडी बदलायची असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. मग पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर पुढच्या गाडीनं जाता येतं. दोन सुटी तिकिटं असतील तर तो भुर्दंड तुमचा. नुसत्या प्रागसाठी रेल्वे पास घेऊ नका, परवडत नाही.

सीट निवडता आली तर बर्लिनहून येताना गाडीच्या दिशेनं डावी बाजू घ्या. ड्रेस्डेन सोडल्यावर रूळ एल्ब नदीच्या काठाकाठानं जातात आणि नदी डावीकडे राहते. पलीकडच्या काठावर बास्टाय नावाच्या जागचे वालुकाश्माचे सुळके दिसतात. क्योनिगश्टाइनचा किल्ला तेवढा उजवीकडे, डोंगरावर. सरहद्द ओलांडली की याच नदीचं नाव लाबे होतं. परतताना बाजू उलटी.

सरहद्दीवर गाडीतून उतरावं लागत नाही, पण पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. जर्मनीकडे परतताना पोलीस डब्यात येऊन तपासू शकतात. जर्मनीत राहणाऱ्यांनी रेसिडेन्स कार्डही जवळ ठेवावं.

चेक भाषेत प्राग म्हणजे प्राहा. बर्लिनहून येणारी गाडी आधी प्राहा-होलेशोविचेला थांबते. पाटीवर 'प्राहा' दिसलं की लोक घाईनं उतरतात. मोठं स्टेशन पुढे आहे : प्राहा ह्लाव्नी नाद्राझी, म्हणजे मुख्य स्टेशन. अर्थात चुकून उतरलात तरी बिघडत नाही, दोन्हीकडे मेट्रोची सी लाइन आहे. ह्लाव्नीला मात्र थेट खालच्या हॉलमधून बाहेर पडू नका. वर वास्तुरचनाकार योसेफ फांताच्या जुन्या इमारतीचा घुमट आहे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला, आणि बहुतेकांना तो दिसतच नाही.

चाकांची बॅग घेऊन जुन्या शहरात पायी निघू नका. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, चाकं तिथंच निखळतात. ह्लाव्नीहून मेट्रोच्या सी लाइननं एक स्टेशन, म्युझेउम. तिथं ए लाइन पकडून म्यूस्तेक किंवा स्तारोम्येस्त्स्का. प्रागच्या किल्ल्यावर जायचं तर त्याच लाइननं मालोस्त्रान्स्का आणि वर २२ नंबरची ट्राम, म्हणजे चढ वाचतो. तिकीट ३० किंवा ९० मिनिटांचं, मेट्रो-ट्राम-बस सगळ्यांना चालतं. कागदी तिकिटावर सरकत्या जिन्याआधीच्या पिवळ्या यंत्रात एकदा, आणि एकदाच, शिक्का मारायचा. शिक्का नसलेलं तिकीट खिशात असूनही दंड होतो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, आणि 'आम्ही टुरिस्ट' हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं.

पैसे कोरुनात, म्हणजे चेक चलनात लागतात. एटीएमनं 'तुमच्या चलनात हिशेब करू का?' विचारलं तर नाही म्हणा, कारण त्यातला दर यंत्राच्या मालकाच्या सोयीचा असतो. पैसे बदलून देणाऱ्या दुकानात फसलात तर पावती टाकू नका. १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागण्याचा हक्क चेक कायद्यानं २०१९ पासून दिलाय.

परतीच्या दिवशी बोर्डावर 'ओद्येझ्दी' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या. प्लॅटफॉर्म बराच उशिरा लागतो, तोवर सगळे मान वर करून हॉलमध्येच उभे असतात. प्लॅटफॉर्मच्या आकड्याला जोडलेलं अक्षर नीट वाचा : एस (S) म्हणजे फलाटाचा उत्तरेचा अर्धा भाग, जे (J) म्हणजे दक्षिणेचा. आकडा बरोबर आणि टोक चुकीचं धरलंत, तर शेवटच्या दोन मिनिटांत बॅग ओढत अख्खा फलाट पळावा लागतो.