आहेर आपोआप कापून घेणारी लग्नपत्रिका

सोलापूरची खरी लग्नपत्रिका चष्मा न लावताही ओळखता येते. वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग पणजोबांपासून चुलत आत्यापर्यंत सगळ्यांची नावं, कोपऱ्यात 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली आणि अक्कलकोट रोड नाहीतर होटगी रोडवरच्या एखाद्या मंगल कार्यालयाचा पत्ता. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, हाच सगळा मजकूर तेलुगूतही असतो. यातली एकही पत्रिका तुमच्याकडे एसएमएस वाचायची परवानगी मागत नाही.

व्हॉट्सॲपवर सध्या फिरते ती मागते. 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ तिच्यात नसते, कारण आहेर ती स्वतःच काढून घेते.

हिला पत्रिका म्हणायचं तेवढंच, आहे ती एपीके. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाईल. पीडीएफ उघडते, फोटो दिसतो, एपीके मात्र 'इन्स्टॉल' होते. पत्रिकेच्या बाबतीत हा शब्द समोर आला की तिथेच थांबायचं. लग्न लागतं, जुळतं, मोडतं. इन्स्टॉल होत नाही. हप्त्याच्या सुमाराला हीच फाईल 'पीएम किसान' नावाने येते, गाडीवाल्यांना 'आरटीओ चलान' म्हणून, पेन्शनवाल्यांना 'बँक केवायसी' म्हणून. पाटी बदलते, दुकान एकच.

आली की आधी चॅटमधला तो चौकोन नीट बघा. खऱ्या पीडीएफला बहुतेकदा पहिल्या पानाचं छोटं चित्र दिसतं आणि खाली पानांची संख्या, आकार आणि 'पीडीएफ' अशी अक्षरं असतात. एपीकेला ना चित्र ना पानं. नाव, काही एमबीचा आकार आणि 'एपीके'. नावातही गंमत असते: 'लग्नपत्रिका डॉट पीडीएफ डॉट एपीके'. लांब नाव फोन मधेच कापतो, त्यामुळे पीडीएफ दिसतं आणि एपीके झाकलं जातं. खरं आडनाव शेवटच्या टिंबानंतरचं, बाकी सगळं टोपणनाव.

आयफोनवर ही फाईल चालत नाही. म्हणून आयफोनवाल्या भाच्याने 'माझ्याकडे उघडेना, तुमच्याकडे बघा' म्हणत ती मामाकडे ढकलू नये. मामाकडे ती नक्की उघडेल.

आणि ती येते ओळखीच्याच नंबरवरून. ज्याचा फोन आधी गेला, त्याच्याच व्हॉट्सॲपवरून ती सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या अशा सगळ्या ग्रुपांत पडते. त्यामुळे 'अनोळखी नंबरची फाईल उघडू नका' हा जुना सल्ला इथे कुचकामी आहे. साधा फोन लावा आणि विचारा, "का बे, पत्रिका तूच पाठवूलालास का?" व्हॉट्सॲपवर विचारू नका, तिकडून चोरच "हो, नक्की या" म्हणेल.

आता फाईलवर बोट पडलंच असं धरू. पैसे लगेच जात नाहीत. अँड्रॉइड आधी सांगतं की व्हॉट्सॲपमधून ॲप बसवायला मनाई आहे. मग माणूस सेटिंगमध्ये जाऊन 'या सोर्सला परवानगी' हे बटण स्वतःच्या हाताने चालू करतो. त्यानंतर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गुगलचा ॲप तपासणारा पहारेकरी, अनेकदा लाल खूण दाखवतं. तिथे 'तरीही इन्स्टॉल करा' हा पर्याय बारीक अक्षरात लपवलेला असतो. एरवी गॅस सिलिंडरवरची तारीख न दिसणारे लोक तो बरोबर शोधतात. तिसऱ्या खेपेला ॲप एसएमएस, कॉन्टॅक्ट आणि नोटिफिकेशन मागतं. काही जण ॲक्सेसिबिलिटीही मागतात, म्हणजे पडद्यावरचं वाचायचा आणि तुमच्या वतीने बटणं दाबायचा अधिकार. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला हा अधिकार सहजी मिळत नाही, 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' म्हणून अडवणूक होते. मग एक 'अधिकारी' फोन करून वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवून ती अडवणूक उठवायला लावतो. तीनदा दार लावलं होतं, तीनदा आपणच कडी काढली.

यानंतर ॲपचं चित्र गायब होतं. लोकांना वाटतं फाईल खराब होती, आणि ते जेवायला बसतात.

नुसत्या एसएमएसच्या परवानगीवर खातं कसं रिकामं होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना बँकेत नोंदलेल्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस जातो. तो पोचला की यंत्रणा धरून चालते, सिम याच फोनमध्ये आहे. चोर आपल्या फोनवर ही नोंदणी सुरू करतो आणि तो मजकूर तुमच्या फोनमधल्या ॲपकरवी तुमच्याच सिमवरून पाठवतो. पुढे यूपीआय पिन नव्याने ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. ओटीपी तर त्याच्याकडे जातोच आहे. कार्डाचे आकडे 'चलान भरण्यासाठी १ रुपया' किंवा 'हप्त्यासाठी केवायसी' अशा खोट्या फॉर्ममध्ये आपणच भरलेले असतात. नेटबँकिंगचा पासवर्ड बदलण्याचा ओटीपीही याच वाटेने जातो. व्हॉट्सॲपचा ६ आकडी कोडही जातो, आणि म्हणून तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या व्याह्यांकडे पोचते. व्याही काय म्हणतील हे सांगायला नको.

थोडक्यात, 'मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही' हे खरं असूनही पैसे जातात. ओटीपी सांगायला तोंड लागत नाही आता.

लक्षात आल्यावर पहिलं काम फ्लाइट मोड. नुसता डेटा बंद करून भागत नाही, एसएमएस डेटाशिवायही जातात. फ्लाइट मोड लावल्यावर वायफाय चालू राहिलंय का तेही बघा, अनेक फोन ते ठेवून देतात. मग सिम काढा आणि साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. तिथे एपीकेला कुणी विचारत नाही. बटणाच्या फोनची खाच मोठी असली तर सिमचा ॲडॉप्टर लागतो, मोबाईलच्या कुठल्याही दुकानात मिळतो. आता बँकेचे फोन आणि मेसेज फक्त तुम्हाला येतील.

दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन. नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला पहिला नंबर म्हणजे एका चोराकडून निघून दुसऱ्याकडे मुक्कामी जाणं. यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या.

लगेच १९३०. सोलापूरकरांना हा आकडा पाठ करावा लागत नाही. इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला, ते साल. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. फोन लागण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: खातं कुठल्या बँकेत, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे १२ आकडी संदर्भ क्रमांक, जो यूपीआयच्या तपशिलात किंवा पासबुकात सापडतो. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही क्रमांक वेगवेगळे द्या. 'एकूण ८७ हजार गेले' एवढ्यावर बँकेला काही शोधता येत नाही. पैसा एका खात्यात थांबत नाही, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात आणि शेवटी एटीएममधून बाहेर. तक्रार पोचली की वाटेत जिथे सापडेल तिथे तो गोठवता येतो. म्हणून आधी घरच्यांची बैठक, मग ओळखीच्या हवालदाराला फोन, मग उद्या सकाळी बघू, हा क्रम महागात जातो. लाइन व्यस्त लागली तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तीच तक्रार भरता येते.

वेळेचा दुसरा हिशोब बँकेशी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. एपीकेच्या प्रकरणात बँक दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवणार हे धरूनच चाला. त्यामुळे कधी कळवलं याचा पुरावा, म्हणजे तक्रार क्रमांक आणि वेळ, हाच तुमचा वकील.

फोनची साफसफाई यानंतर. आधी त्या चॅटचा आणि फाईलच्या नावाचा दुसऱ्या फोनने फोटो काढा, पोलिसांना लागतो. मग सेफ मोड, म्हणजे बाहेरून बसवलेली ॲप बंद ठेवून फोन चालू करणं: अनेक फोनवर पॉवरचं बटण दाबून 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की पर्याय येतो. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत बिनचित्राचं किंवा तुम्ही न बसवलेलं ॲप शोधा. 'अनइन्स्टॉल' राखाडी दिसत असेल तर त्याने 'डिव्हाइस ॲडमिन'चा, म्हणजे फोनच्या कारभाऱ्याचा हक्क घेतलाय. आधी तो काढा. तरीही मन मानत नसेल, आणि मानू नयेच, तर फोटो बाजूला काढून फॅक्टरी रीसेट. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, आजारी फोनवरून नव्हे. सिम परत घातल्यावर ##००२# लावा, कुणी कॉल फॉरवर्ड करून ठेवले असतील तर ते सुटतात. व्हॉट्सॲपवर नंबरची पुन्हा नोंदणी केली की चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने आत जाऊन स्वतःचा पिन ठेवला असेल तर मात्र ७ दिवस थांबावं लागतं.

चादर-टॉवेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण तिचा फटका पत्रिका न उघडलेल्यांनाही बसतो. चोरीच्या पैशातून कुणी तुमच्याकडून माल घेतला, तर माग काढत आलेली बँक तुमच्या खात्यातली ती रक्कम गोठवते. कधी पूर्ण खातंही अडकतं. सुटका करायला बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं दाखवावं लागतं, म्हणून कच्च्या चिठ्ठीवरचा माल इथे सर्वात जास्त रडवतो. माल एकाच्या नावावर आणि पैसे भलत्याच राज्यातल्या तिसऱ्याच्या खात्यातून, असं दिसलं तर गठ्ठा बांधण्याआधी विचारा. 'चुकून जास्त आले, या दुसऱ्या नंबरवर परत करा' म्हणालं कुणी, तर दुसऱ्या नंबरवर नाही, आले त्याच खात्यात आणि तेही बँकेमार्फत.

राहता राहिला मामांचा फोन. तो हातात मिळण्याची एकच हुकमी वेळ, खऱ्या लग्नात पंगत बसायची वाट बघताना. सेटिंगमध्ये 'स्पेशल ॲक्सेस', त्यात 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर तिन्हींसमोरची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवून प्ले प्रोटेक्ट चालू आहे का बघा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट', मग 'टू स्टेप व्हेरिफिकेशन', आणि ६ आकडी पिन. मामा जन्मसाल ठेवू म्हणतील. ते चारच आकडी भरतं, तेवढ्यावर वाद मिटतो. भात येईपर्यंत सगळं उरकतं.