पाय टेकण्याआधी

आई चार दिवसांसाठी गावाहून आलीये. आज पहाटे जाग आली तेव्हा ती पलंगावरून वाकून फरशीला हात लावत होती. ओठांतल्या ओठांत 'समुद्रवसने देवि, पर्वतस्तनमण्डले...' पाय अजून वरच. हात कपाळाला लावला आणि मगच उतरली.

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "आई, सातवा मजला आहे हा. खाली जमीन नाही, सहाव्या मजल्यावरच्यांची बेडरूम आहे."

"आणि सगळ्यांच्या खाली काय आहे रे?"

गप्प बसलो.

श्लोक मलाही येतो, लहानपणी तिनेच पाठ करून घेतलेला. समुद्राचं वस्त्र नेसलेल्या विष्णुपत्नी, तुला पाय लावतोय, क्षमा कर. म्हणजे पाय लागायच्या आधीच माफी! (आपण तर नंतरही मागत नाही.)

संध्याकाळी तिने गॅलरीतली तुळशीची कुंडी पाहिली. माती पार दगड झालेली. घरात खुरपं कुठलं असायला? जुना चमचा घेऊन उकरायला बसली. मग मीही बसलो. जेवताना हात धुतले, पण करंगळीच्या नखात थोडी माती राहिलीच. आत्ता टाईप करतानाही दिसतेय.